ओठ न हलवता

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या वहिनींचे आहेत. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आईवडिलांचं ऋण असतंच, ते कुणाचंच फिटत नाही. पण वहिनी माझं काही देणं लागत नव्हत्या, तरी त्यांनी दिलं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. दादा बारावीनंतर फौजेत गेला आणि त्याच्या पगारावर मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीदानाच्या काळ्या झग्यातला माझा फोटो आईनं देवघराशेजारी लावला, पण त्या पदवीचं पुढं करायचं काय, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहू लागलो. लोक विचारायचे, "शिकून हेच का?" मी हसायचो.

तेव्हा दादाची नेमणूक लखनौला होती. क्वार्टर मिळाला नव्हता, म्हणून छावणीमागं तेलीबागेत त्यानं वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. वहिनी एकदा लखनौतल्याच महानगर भागात, कपूरथला नावाच्या बाजारात गेल्या असताना त्यांना एका क्लासची पाटी दिसली. पाटीवर 'मेडिकल कोडिंग' होतं आणि खाली 'विज्ञान पदवीधरांना प्राधान्य'. वहिनी स्वतः बारावी झालेल्या. जिना चढून त्या आत गेल्या, तिथल्या सरांना हिंदीत सगळं विचारलं आणि संध्याकाळी मला फोन केला.

"भावजी, अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद इकडं येतात म्हणे. डॉक्टरनं काय झालं, काय केलं ते लिहिलेलं असतं. ते वाचून आजाराला नंबर लावायचा. त्या नंबरावर तिकडची विमा कंपनी पैसे देते. शरीराची नावं पाठ पाहिजेत. तुम्हाला येतात की ती."

"वहिनी, ते सगळं इंग्रजीत असणार."

"मग काय मोडीत असणार? या तुम्ही."

मी आलो. सहा महिने क्लास केला. गोमतीनगरमधल्या एका कंपनीनं मला शिकाऊ म्हणून घेतलंही, पण अट घातली की मार्चअखेर प्रमाणपत्र आणा, नाही तर जागा दुसऱ्याला. त्या प्रमाणपत्राची परीक्षा चार तासांची. कोडांची जाड पुस्तकं सोबत ठेवता येतात, पण परीक्षा घरी बसून, संगणकावर. समोर कॅमेरा असतो आणि कुठंतरी बसलेला एक पर्यवेक्षक आपल्याकडं पाहत असतो. खोलीत दुसरं कोणी आलं की परीक्षा संपली. फोन बाहेर ठेवायचा. तोंडावर हात न्यायचा नाही. बोलायचं नाही.

सराव परीक्षेत मी नापास झालो. उत्तरं चुकली म्हणून नव्हे. सरांनी चित्रण लावून दाखवलं.

"ये देखिए। आप तो पूरा पेपर पढ़के सुना रहे हैं। होंठ हिले तो वो समझेंगे कमरे में कोई है जिसको आप बता रहे हैं। तीन वॉर्निंग, और परीक्षा बंद।"

मी पाहत राहिलो. पडद्यावरच्या माझ्या तोंडाची सारखी हालचाल चालली होती. मला हे ठाऊकच नव्हतं.

आमच्या शाळेत वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं. मनात वाचणाऱ्याला गुरुजी विचारायचे, "आवाज कुठाय? झोपलास का?" आणि पाचवीत इंग्रजी आलं तेव्हा तर एकेक अक्षर तोंडानं फोडल्याशिवाय शब्दच हाती लागायचा नाही. मराठी मी पुढं मनात वाचायला शिकलो. इंग्रजी मात्र कॉलेजातही पुटपुटतच वाचलं. ओठ थांबवले की समोरच्या ओळीचा अर्थ थांबायचा. मी मुद्दाम तोंड मिटून एक परिच्छेद वाचून पाहिला. शेवटाला पोचलो आणि सुरुवातीला काय होतं ते आठवेना. शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण तिथं जायची वाट तोंडातून होती, आणि तेच बंद ठेवायचं होतं.

त्याच सुमारास दादाची बदली लडाखच्या बाजूला झाली. नेमकं कुठं ते सांगायचं नसतं. अशा नेमणुकीवर बायकामुलं सोबत नेता येत नाहीत. वहिनींनी खरं तर तेव्हाच गावी जायचं. त्या म्हणाल्या, "भावजींची परीक्षा होऊ दे, पोरीची शाळा संपू दे, मग जाईन." दादा गेला. त्याचा फोन आला तर यायचा, नाही तर चारचार दिवस नाही. अशा दिवसांत वहिनी मुकाट्यानं कामं करायच्या आणि फोन पदरालाच बांधल्यासारखा जवळ ठेवायच्या.

ओठांचं मी त्यांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "हे तर पोरीची अंगठा चोखायची सवय मोडण्यासारखं आहे. बसा समोर."

जानेवारीत लखनौचं धुकं दुपारी कुठं उठतं. ते उठलं की आम्ही गच्चीत बसायचो. मी पुस्तक घेऊन, वहिनी मटाराची टोपली घेऊन. माझे ओठ हलले की एक दाणा येऊन कपाळावर आपटायचा.

"ओठ!"

पहिल्या दिवशी निम्मे मटार माझ्याभोवती सांडले होते. सहा वर्षांची पुतणी ते वेचत हिशोब द्यायची, "मम्मी, चाचू फिर बड़बड़ाए!"

"मराठीत बोल ग."

"मराठी सुन तो रही हूँ ना।"

खालच्या घरमालकीणबाई कपडे वाळत घालायला यायच्या. लखनवी अदबीनं त्यांनी एकदा विचारलं, "बहू, बुरा न मानो तो पूछें, आपके देवर कोई मंत्र सिद्ध कर रहे हैं क्या?"

"हाँ आंटी, नौकरी का।"

मटारांनी पूर्ण जमेना, तेव्हा वहिनींनी लवंग काढली. पुढच्या दातांत हलकी धरायची. ओठ हलले की ती पडते, घट्ट चावली की जीभ पोळते. महिनाभर मी तशी लवंग धरून वाचत होतो. हळूहळू ओळी तोंडाशिवाय आत जाऊ लागल्या. पण घाबरलो की ओठ आपोआप सुटायचे, आणि परीक्षेच्या दिवशी मी घाबरणारच होतो. शिवाय त्या दिवशी तोंडात काही ठेवायला परवानगी नव्हती.

वाचता वाचता वहिनींना मी नियम समजावून सांगायचो. समजावलं की लक्षात राहतं. त्यातला एक त्यांना फार आवडला होता. दवाखान्यात नुसतं दाखवून परत जाणाऱ्या पेशंटच्या कागदावर डॉक्टरनं 'अमुक आजाराचा संशय' असं लिहिलं असेल, तर त्या आजाराचा कोड लावायचा नाही. जे लक्षण दिसतंय तेवढ्याचाच लावायचा. छातीत दुखतंय आणि हृदयविकाराचा संशय आहे, तर 'छातीत दुखतंय' एवढंच लिहायचं.

"म्हणजे संशयाला नंबर नाही?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"बरं आहे. आमच्या सासूबाईंना शिकवा हे."

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका सकाळी होती. आदल्या दिवशी वहिनींनी दाराची घंटा काढून ठेवली. मालकीणबाईंना मिक्सर न लावण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "चार घंटे की क्या बात है बहू, हम साँस भी धीरे लेंगे।" भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच थांबायला सांगितलं होतं. इन्व्हर्टरची बॅटरी भरून घेतली. पुतणी शाळेत गेली. मी माझा फोन वहिनींच्या हातात दिला. त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं, दार ओढून घेतलं आणि मी आतून कडी लावली.

पर्यवेक्षकानं कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली. टेबलाखाली, पलंगाखाली, माझे कान, मनगटं, पुस्तकांची पानं. मग प्रश्न सुरू झाले.

हात इतके घामेजले होते की पुस्तकाची पातळ पानं बोटांना चिकटून दोनदोन उलटत होती. लवंग जिथं धरायचो तिथं मी जिभेचं टोक दाबून ठेवलं होतं. तरीही पहिल्या तासातच पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडली. इंग्रजीत लिहिलं होतं: कृपया ओठ हलवू नका, ही पहिली सूचना. मला कळलंच नव्हतं. जे आपल्याला कळत नाही ते थांबवायचं कसं? त्यानंतर मी निम्मा प्रश्न वाचायचो आणि निम्मा स्वतःच्या तोंडाकडं लक्ष द्यायचो. गोमतीनगरची ती खुर्ची, औषधांच्या दुकानातलं काउंटर, देवघराशेजारचा फोटो, सगळं त्या दोन ओठांवर येऊन बसलं होतं.

दुसरा तास संपत आला तेव्हा बाहेर फोन वाजला. वहिनींचा. एकदाच वाजला, लगेच उचलला गेला. मला वहिनींचं "हाँ जी" ऐकू आलं. मग पुन्हा, अगदी हळू, "हाँ जी." मग काही नाही.

घरात माणूस असलं की काही ना काही ऐकू येतंच. पावलं, बांगड्या, भांडं, नळ. ते सगळं बंद झालं. मी पडद्यावरून डोळे हलवू शकत नव्हतो, पण डोळ्याच्या कडेला दार दिसत होतं. दाराखाली उजेडाची फट होती. त्या फटीत दोन ठिकाणी काळं होतं. वहिनी दाराबाहेर उभ्या होत्या.

आधी वाटलं, राखण करताहेत. मग वाटलं, राखण करणारं माणूस दाराकडं पाठ करून बसेल, असं चिकटून उभं राहणार नाही. दादाचा फोन येऊन पाच दिवस झाले होते हे मला तेव्हा आठवलं. समोर एका बाईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची टिपणी होती. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्या दोन सावल्या हलत नव्हत्या. आणि मग पडद्यावर दुसरी चौकट उघडली. दुसरी सूचना. यानंतर परीक्षा थांबवण्यात येईल.

या वेळी मला कळलं होतं. माझे ओठ 'वहिनी' म्हणाले होते.

उठून दार उघडलं असतं तर सगळं तिथंच संपत होतं. मी उठलो नाही. मला वाटलं, तसंच काही असतं तर त्यांनी दार वाजवलं असतं. मी या एका गोष्टीला धरून बसलो. वाजवलं नाही, म्हणजे काही नाही. पण मनाचा दुसरा भाग म्हणत होता, तू वहिनींना ओळखतोस. उरलेले दोन तास मी कसे काढले हे मला नीट सांगता येणार नाही. जीभ दाताला इतकी दाबली होती की रक्ताची चव येत होती. ओठ मात्र हलले नाहीत. भीती ओठ सोडवते असं मला वाटायचं. त्या दिवशी भीतीनंच ते शिवले.

वेळ संपल्याची अक्षरं आली तसा मी धावत जाऊन कडी काढली. वहिनी समोरच होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"झाला?"

"झाला. काय झालं?"

"ओठ?"

"दोनदा. वहिनी, काय झालं?"

"ह्यांना ॲडमिट केलंय," त्या म्हणाल्या. मग भिंतीला धरून खाली बसल्या. "युनिटमधून फोन होता. 'भाभीजी, घबराने की कोई बात नहीं' म्हणाले."

फौजींच्या बायकांना हे वाक्य सगळ्यांत जास्त घाबरवतं.

"रात्रीपासून खोकला आणि श्वास लागला होता. खाली आणलंय, हेलिकॉप्टरनं. फुप्फुसात पाणी झाल्याचा संशय आहे म्हणाले. उंचीवर होतं तसं." मग माझ्याकडं बघून एकदम घाईनं म्हणाल्या, "पण संशयच आहे भावजी. तुम्हीच सांगितलंत ना, संशय धरायचा नाही. दिसतंय तेवढंच धरायचं. श्वास लागतोय, एवढंच. मी तेवढंच धरून उभी राहिले. दोनदा हात वर केला वाजवायला. मग म्हटलं, नाही, श्वास लागतोय, एवढंच."

मी "हो" म्हणालो. "बरोबर आहे, एवढंच."

पण त्या नियमाला दुसरा अर्धा भाग आहे. तो मी त्यांना कधी सांगितला नव्हता, तसा प्रसंगच आला नव्हता. मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो, आणि तो अर्धा भाग माझ्या तोंडात लवंगेसारखा धरून ठेवला. ओठ हलू दिले नाहीत.

आम्ही दिवसभर फोन लावत राहिलो. लागत नव्हता. मालकीणबाईंनी विचारलं काही नाही, फक्त वर येऊन पोरीला खाली जेवायला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा आवाज आला. खरखरीत, मधे मधे तुटणारा.

"पेपर कसा गेला रे?"

मी फोन वहिनींकडं दिला. वहिनी तो कानाला लावून नुसत्या ऐकत होत्या, आणि पुतणी विचारत होती, "पापा क्या बोल रहे हैं? मम्मी, बताओ ना!"

दादा महिनाभरानं रजेवर आला. मी पास झालो होतो. एप्रिलच्या सुरुवातीला मी तिघांना स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा वहिनींनी खिडकीतून बोट ओठांवर ठेवून मला दाखवलं, आणि मी हसलो. ज्याबद्दल आभार मानायचे होते ते तोंडात राहिलं. फोनवर बोलता येत नाही, कारण फोन स्पीकरवर असतो आणि आजूबाजूला सगळं घर. म्हणून पंधरा दिवसांनी मी पत्र लिहिलं. ते असं होतं:

वहिनी,

हे पत्र कोणाला वाचून दाखवू नका. दादा शेजारी बसला असेल, तर ओठ न हलवता वाचा. कसं ते तुम्हाला माहीत आहे.

मी ठीक आहे. कंपनीनं कायम केलं. पहिल्या दिवशी माझ्या नावाची पाटी लावलेलं टेबल दिलं, तेव्हा तुमची फार आठवण आली. खालच्या आंटी विचारत होत्या, बहू कब आएगी. मटार आता संपले, बाजारात सगळीकडं काकड्या आल्यात.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. संशयाचा जो नियम मी तुम्हाला गच्चीत सांगितला, तो दाखवून घरी जाणाऱ्या पेशंटसाठी आहे. ॲडमिट केलेल्या पेशंटसाठी नियम उलटा आहे. त्याला घरी सोडतानाही संशय कायम असेल, तर तो आजार आहेच असं धरून कोड लावायचा. दादा ॲडमिट होता. त्या दिवशी फरशीवर बसून तुम्ही मला विचारलंत आणि मी फक्त "हो" म्हणालो. उरलेलं सांगायचं धाडस मला झालं नाही.

दादा रजेवर आला तेव्हा त्याचा डिस्चार्जचा कागद मी वाचला. त्यात 'संशय' हा शब्द नव्हता. आजाराचं नाव सरळ लिहिलं होतं. म्हणजे तुम्ही दाराबाहेर उभ्या होता तेव्हा ते खरंच होतं. खाली आणायला आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी पुस्तकात वाचलं आहे, आणि इथं लिहीत नाही. तो पुन्हा त्या उंचीवर जाण्यालायक आहे की नाही, ते आता मेडिकल बोर्ड ठरवेल. त्याला विचारलं तर तो 'मी ठणठणीत आहे' म्हणेल. तुम्ही त्याला तसं म्हणू देऊ नका. जिना चढताना धाप लागते का, रात्री खोकतो का, ते बघा आणि मला कळवा.

मला इथं टेबलावर बसल्यावर रोज शंभर माणसांचे आजार दिसतात, त्यांची मला भीती वाटत नाही. दाराखालच्या त्या दोन सावल्यांची अजून वाटते. माझ्यासाठी तुम्ही दोन तास एकट्या उभ्या राहिलात. मी आतून ते पाहिलं, आणि उठलो नाही. आपण दोघंही गप्प राहिलो आणि दादा वाचला, हे आपलं नशीब. पुन्हा असं करायचं नाही.

माझी परीक्षा पुन्हा देता आली असती. पुढच्या वेळी दार वाजवा.

तुमचा,
भावजी